मालकाच्या डोक्यातला कारखाना

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढ्यांवर, दुकानांत आणि कारखान्यांत वही पूजली जाते. कोऱ्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, वर ‘श्री’, लाह्या-बत्तासे, झेंडूचं फूल. अलीकडे बऱ्याच ठिकाणी वहीशेजारी लॅपटॉपही ठेवतात. पैशाचा हिशेब रोजच्या रोज लिहायचा आणि आपल्या पश्चातही कुणाला वाचता येईल असा लिहायचा, ही शिस्त आपल्या व्यापारी परंपरेत इतकी मुरली आहे की तिची पूजा होते. कीर्द, खतावणी, रोजमेळ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. पण त्याच कारखान्यात पैशाखेरीज जे काही घडतं त्याची वही सहसा नसते. कोणतं मशीन किती तास बंद होतं, कोणत्या पाळीत किती माल बाद झाला, कच्च्या मालाची कोणती खेप वाईट निघाली, गिऱ्हाइकाने माल परत पाठवताना नेमकं काय म्हटलं, गेल्या पावसाळ्यात हीच अडचण आली तेव्हा मेस्त्रीने काय केलं होतं, ही सगळी माहिती कारखान्यात असते. ती असते मालकाच्या डोक्यात, मेस्त्रीच्या हातात आणि सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपवर. नवी कल्पना, नवं उत्पादन, नवं तंत्र लहान उद्योगांत का रुजत नाही, या प्रश्नाचं उत्तर आपण भांडवलात आणि तंत्रज्ञानात शोधतो. माझ्या मते ते बऱ्याच अंशी या न लिहिलेल्या वहीत आहे. आणि ती वही लिहिली जात नाही याचं कारण आळस नाही. निर्णयाचा अधिकार एकाच माणसाकडे असतो, आणि ज्याला काही ठरवायचंच नाही त्याला काही लिहून ठेवावंसं वाटत नाही.

प्रश्न केवढा मोठा आहे ते आधी पाहू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 73 व्या फेरीनुसार 2015-16 साली देशात सूक्ष्म, लघु आणि मध्यम मिळून सुमारे 6 कोटी 34 लाख उद्योग होते आणि त्यांत 11 कोटींहून अधिक माणसं काम करत होती. महाराष्ट्रातले उद्योग सुमारे 47 लाख 78 हजार. या 6 कोटी 34 लाखांपैकी तब्बल 6 कोटी 30 लाखांहून अधिक सूक्ष्म होते. लघु उद्योग होते सुमारे 3 लाख 31 हजार, आणि मध्यम जेमतेम 5 हजार. तेव्हाची वर्गवारी यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीवर होती. 1 जुलै 2020 पासून उलाढालीचाही निकष आला आणि 1 एप्रिल 2025 पासून मर्यादा आणखी वर गेल्या. आता 10 कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म, 100 कोटींपर्यंतचा लघु आणि 500 कोटींपर्यंतचा मध्यम गणला जातो. व्याख्या बदलल्या की आकडे इकडचे तिकडे होतात, पण उतरंडीचा आकार डोळ्यांत भरण्यासारखाच राहतो: तळाशी समुद्र आणि वर थेंब. सूक्ष्मातून लघु आणि लघुतून मध्यम अशी वाढ होणं हा अपवाद ठरला आहे. याच पाहणीतली दुसरी गोष्ट म्हणजे यांतले 95 टक्क्यांहून अधिक उद्योग एकाच मालकाचे होते. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत.

वाढ का होत नाही, याची नेहमीची उत्तरं सगळ्यांना तोंडपाठ आहेत. बँक तारण मागते, वीज महाग आहे, मोठ्या कंपन्या पैसे वेळेवर देत नाहीत, चिनी माल स्वस्त येतो. यातलं एकही खोटं नाही. पण एकाच एमआयडीसीत, एकाच फीडरच्या विजेवर, एकाच बँकेच्या व्याजदरात शेजारी शेजारी असलेल्या दोन कारखान्यांपैकी एक पुढे जातो आणि दुसरा वीस वर्षं तिथेच राहतो, त्याचा उलगडा या उत्तरांनी होत नाही. दोघांमधला फरक भिंतीच्या आत शोधावा लागतो.

हा शोध एकदा फार काटेकोरपणे घेतला गेला, आणि तो आपल्या दाराशीच घेतला गेला. निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि जॉन रॉबर्ट्स या अर्थतज्ज्ञांनी 2008 पासून पालघरकडच्या तारापूर आणि गुजरात सीमेपलीकडच्या उंबरगाव या औद्योगिक पट्ट्यांतल्या सुती कापड विणणाऱ्या कारखान्यांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. कारखाने अगदी छोटे नव्हते, सरासरी अडीचशेच्या वर माणसं होती, पण सगळे कुटुंबाच्या मालकीचे. व्यवस्थापन सल्लागारांची सेवा फुकट देऊ केली होती. बाजारभावाने ज्या सेवेचे अडीच लाख डॉलर मोजावे लागले असते ती फुकट मिळत असूनही विचारलेल्या 66 कंपन्यांपैकी फक्त 17 तयार झाल्या. त्यांच्या वीस युनिटांची दोन गटांत वाटणी झाली, कोण कुठे जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. सहा युनिटांत सल्लागारांनी महिनाभर पाहणी करून अहवाल दिला आणि ते निघून गेले. उरलेल्या चौदांत पाहणीनंतर चार महिने थांबून त्यांनी गोष्टी अमलात आणायला मदत केली.

काय होत्या या गोष्टी? एकूण 38, आणि त्यांत एकही चमत्कार नव्हता. मशीन बंद पडल्यावर दुरुस्त करण्याऐवजी ठरल्या दिवशी तेलपाणी करायचं. मशीन का बंद पडलं ते लिहायचं. कापडातला दोष सापडला की तो कोणत्या प्रकारचा, कोणत्या मागावरचा, कोणत्या पाळीतला याची नोंद करायची. सुताच्या साठ्याला लेबल लावायचं, रोज नोंद ठेवायची, वर्षानुवर्षं पडून असलेलं सूत विकून टाकायचं. सुटे भाग फळीवर ओळीने मांडायचे. रोज सकाळी विणकाम आणि दर्जा पाहणाऱ्या माणसांनी एकत्र उभं राहून कालच्या नोंदी वाचायच्या. सल्लागार पहिल्यांदा आत शिरले तेव्हाची स्थिती अशी होती की वेगवेगळ्या जातीचं सूत लेबलाविना एकमेकांत मिसळून पडलेलं, काही ओल लागलेल्या जागी, मशिनांमधून तेल गळतं आहे आणि सुट्या भागांचा ढीग. प्रयोगाआधी या 38 पैकी सरासरी एक चतुर्थांश गोष्टीच चालू होत्या. कापडाचे दोष काढण्यासाठी मात्र वेगळी माणसं नेमलेली होती. दोष येणारच हे गृहीत धरून त्याच्या दुरुस्तीचा खर्च कायमचा पगारपत्रकावर चढवलेला होता, आणि तो का येतो हे विचारणारी यंत्रणा नव्हती.

पहिल्याच वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. नवं यंत्र नाही, नवं भांडवल नाही. दोष कमी झाले, साठा कमी झाला, त्यात अडकलेले पैसे सुटले. तीन वर्षांत ज्यांना मदत मिळाली होती त्या कंपन्यांनी नवी युनिटंही अधिक काढली. मला यातलं सगळ्यांत बोलकं वाटतं ते संगणकाबद्दलचं निरीक्षण. सल्लागारांनी कुणाला संगणक विकला नव्हता. पण नोंदी वाढल्या तशा त्या हाताने जुळवणं अवघड होत गेलं आणि संगणकाचा वापर आपोआप वाढला. आधी वही, मग संगणक. आपल्याकडे हा क्रम उलटा लावला जातो. कारखान्याचा सगळा कारभार नोंदवणारं काही लाखांचं ईआरपी सॉफ्टवेअर आधी येतं, त्यात भरायची माहिती कुणी गोळा करत नाही, तीन महिने डेटा एंट्रीसाठी एक मुलगा ठेवला जातो, तो सोडून जातो आणि मग सॉफ्टवेअर फक्त बिलं छापायला उरतं. दोष सॉफ्टवेअरचा नसतो. जी माहिती कुणी पाहणार नाही ती भरायला कुणी तयार होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग इतका उघड फायदा असून या मालकांनी आधीच हे का केलं नव्हतं? संशोधकांना दोन कारणं सापडली. पहिलं म्हणजे त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं. आपला दर्जा बरा आहे असं त्यांना वाटत होतं, कारण तुलना शेजारच्या कारखान्याशी होती आणि शेजारीही तसाच होता. दोषाची मोजदादच नसल्यामुळे तो किती खातो हे दिसत नव्हतं. दुसरं कारण अधिक खोल आहे. या कंपन्या किती मोठ्या होणार हे सगळ्यांत जास्त कशावर अवलंबून होतं? कुटुंबात कर्ते पुरुष किती, यावर. दोन भाऊ असतील तर दोन युनिटं, तिसरा मुलगा हाताशी आला की तिसरं. घराबाहेरच्या मॅनेजरवर विश्वास नाही, त्याने चोरी केली तर कोर्टात वर्षं जाणार ही भीती, म्हणून खरेदी, भरती, मोठा खर्च सगळं मालकाच्याच सहीने. बाजारात मागणी किती यापेक्षा घरात मुलगे किती यावर कारखान्याचा आकार ठरतो, हे वाचताना आपल्या ओळखीची दहा घराणी डोळ्यांसमोर येतात. आणि हेही लक्षात येतं की या हिशेबात घरातल्या बायका कुठेच नाहीत. आपल्याकडे किती भागीदारी संस्थांच्या करारपत्रावर पत्नीची किंवा आईची सही असते! बँकेच्या कागदांपुरती. त्याच घरात महिन्याचा किराणा, शाळेची फी, भिशी आणि विम्याचे हप्ते यांची वही ती अचूक ठेवत असते. माणसं कमी पडतात म्हणून धंदा वाढत नाही अशी तक्रार करणाऱ्या घराने निम्मी माणसं आधीच वगळलेली असतात.

आता कापडाकडून लोखंडाकडे येऊ. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्रीचा मोठा पसारा आहे. ओतकामात माहिती कशी हरवते ते अगदी डोळ्यांनी पाहता येतं. वाळूचा साचा, त्यात वितळलेलं लोखंड, गार झाल्यावर साचा फोडून कास्टिंग बाहेर. त्यावर कुठे ब्लो-होल असतं, कुठे वाळूचे कण अडकलेले, कुठे धातू आक्रसून पोकळी झालेली. ते रिजेक्ट होतं आणि पुन्हा भट्टीत जातं. कापडातला दोष निदान ताग्यावर दिसत राहतो. इथे पुरावाच वितळतो. आणि लोखंड तर वाया गेलं नाही, परत वापरलं, या समजुतीत नुकसान झालंच नाही असं वाटतं. पण इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण साडेपाचशे ते सातशे युनिट वीज लागते, ती दुसऱ्यांदा लागली. मोल्डिंगची मजुरी, बेंटोनाईट, कोअर, फेटलिंग आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्द, हे भट्टीतून परत मिळत नाही. शंभरात आठ नग बाद होतात असं मालक सांगतो तेव्हा ते आठ कोणत्या दोषामुळे, कोणत्या पॅटर्नवर (म्हणजे साच्याच्या नमुन्यावर), कोणत्या हीटमध्ये (म्हणजे भट्टीच्या कोणत्या खेपेत), सकाळच्या की रात्रपाळीत, हे विचारलं की उत्तर येतं, वाळूचं असेल किंवा रस थंड पडला असेल. दोन्ही शक्य आहे. पण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि अंदाजाने दोन्ही एकदम बदलले तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा अंदाज.

नावीन्य हा शब्द ऐकला की आपल्याला प्रयोगशाळा, पेटंट, स्टार्टअप आठवतात. चाळीस माणसांच्या फाउंड्रीतलं नावीन्य असं असतं: रस साच्यात नेणाऱ्या वाटेची, म्हणजे रनरची रुंदी थोडी कमी करून पाहिली, आक्रसताना जादा रस पुरवणाऱ्या रायझरची जागा हलवली, वाळूतला ओलावा अर्ध्या टक्क्याने खाली आणला. असे बदल रोज होत असतात, मेस्त्री ते करतच असतो. पण बदल केव्हा केला आणि त्यानंतर काय झालं हे नोंदलं गेलं नाही तर त्याचं ज्ञान होत नाही, तो फक्त त्या दिवसाचा तोडगा राहतो. पुढल्या आषाढात वाळू दमट झाली की सगळं पहिल्यापासून. म्हणून मला नावीन्य आणि नोंद या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

इथे एक आक्षेप मनापासून घेतला पाहिजे, कारण तो खरा आहे. मुरलेला मेस्त्री वाळूची मूठ आवळतो, गोळा मोडतो, बोटांचे ठसे कसे उमटले आणि कड कशी तुटली ते पाहतो आणि सांगतो, पाणी जास्त झालं. रसाच्या रंगावरून तो तापमान ओळखतो. हे हातातलं शहाणपण कुठल्या रकान्यात लिहिणार? पूर्ण लिहिता येणार नाही, हे मान्य. पण मुठीचा अंदाज आणि ओलाव्याच्या मापकाचा आकडा शेजारी शेजारी लिहिले तर महिन्याभरात दोन गोष्टी कळतात. मेस्त्रीचा हात किती नेमका आहे हे दिसतं, आणि नव्या पोराला आपला हात कुठे चुकतो ते समजतं. आकडा मेस्त्रीची जागा घेत नाही, त्याच्या हाताचं मोल पहिल्यांदा सगळ्यांसमोर आणतो. या आक्षेपामागे आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती मात्र व्यवस्थापनाच्या पुस्तकांत क्वचितच येते. मेस्त्रीला माहीत असतं की त्याच्या डोक्यात जे आहे तेवढीच त्याची पुंजी आहे. तो ते सांगून मोकळा झाला की उद्या त्याच्या जागी स्वस्तातला माणूस येऊ शकतो. तो नोंदी टाळतो ते अडाणी आहे म्हणून नव्हे, तो शहाणा आहे म्हणून. ज्याचं ज्ञान लिहून घ्यायचं त्याला त्यातून काय मिळणार, हे मालकाने आधी ठरवायला हवं. रिजेक्शन कमी झाल्याने जे वाचलं त्यातला ठरावीक वाटा, बदलाच्या नोंदीवर त्याचं नाव, शिकवण्याचा वेगळा भत्ता, काहीही असो, पण ते तोंडी आश्वासन नको, लिहिलेलं हवं. जपानमध्ये टोयोटाने 1951 साली कामगारांच्या सूचनांची पद्धत सुरू केली. तिचं बाहेरचं रूप, म्हणजे सूचनापेटी, आपण उचललं. बहुतेक ठिकाणी ती पेटी गेटजवळ धूळ खात टांगलेली असते, कारण टाकलेल्या सूचनेचं पुढे काय झालं हे सूचना देणाऱ्याला कधी कळत नाही.

इथूनच मी कारभाराच्या प्रश्नाकडे येतो. लहान उद्योगात ‘गव्हर्नन्स’ म्हटलं की लोकांना संचालक मंडळ, स्वतंत्र संचालक, जाडजूड अहवाल आठवतात आणि हे आपल्यासाठी नाही असं ते ठरवून टाकतात. साध्या मराठीत कारभार म्हणजे एवढंच: कोणती गोष्ट कुणी ठरवायची, कुणाला विचारून, आणि ठरवलेलं चुकलं तर ते कुणाला दाखवता येतं. सुपरवायझरला लाइन थांबवता येते का? स्टोअरकीपरने वाईट माल परत पाठवला आणि तो मालकाच्या मेव्हण्याकडून आलेला असला तर काय होतं? पाच हजारांची खरेदी करायला फोनची वाट पाहावी लागते का? मालकाचं म्हणणं चूक आहे असं म्हणणारा माणूस कारखान्यात एक तरी आहे का, आणि तसं म्हटल्यावर तो पुढच्या दिवाळीपर्यंत टिकतो का? या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही प्रमाणपत्रात सापडत नाहीत. आयएसओ 9001 चं प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि ऑडिटच्या आदल्या आठवड्यात तीन महिन्यांची रजिस्टरं एकाच पेनने भरली जातात. ज्याला माल थांबवायचा अधिकार नाही तो दोषाची नोंद खरी कशाला करेल? खरं लिहिलं तर बोलणी तोच खाणार.

कायद्याच्या अंगानेही हा विषय दिसतो तितका कोरडा नाही. भागीदारी कायदा 1932 चा आहे. त्याच्या 42 व्या कलमाप्रमाणे करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते. 69 व्या कलमाप्रमाणे नोंदणी नसलेल्या भागीदारीला आपल्या कराराचे हक्क बजावण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. दोन भावांनी विश्वासावर चालवलेला धंदा एकाच्या अकाली जाण्याने दोन कुटुंबांच्या भांडणात बुडतो, तेव्हा लोक भाऊबंदकीला दोष देतात. त्या भांडणात प्रेम कमी पडलेलं नसतं, कागद कमी पडलेला असतो. 2008 च्या कायद्याने मर्यादित दायित्वाची भागीदारी आणि 2013 च्या कंपनी कायद्याने एका माणसाची कंपनी असे पर्याय आले आहेत. पण रूप बदललं तरी घरातल्या जेवणाच्या टेबलावर निर्णय होणं चालूच राहिलं, तर पाटीवर फक्त तीन इंग्रजी अक्षरं वाढतात.

दुसरा मोठा आक्षेप भीतीचा आहे. जे लिहिलं ते उद्या कर अधिकाऱ्याच्या, बँकेच्या, स्पर्धकाच्या किंवा वाटणी मागणाऱ्या नातेवाइकाच्या हातात पडेल. या भीतीला इतिहास आहे, आणि ती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. इन्स्पेक्टरच्या भेटींचा अनुभव पिढ्यांचा आहे. पण 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस बंधनकारक झालं, तेव्हापासून व्यवहाराची माहिती सरकारकडे तशीही जातेच आहे. सरकारला माहीत आहे, गिऱ्हाइकाला माहीत आहे, बँकेला खात्यावरून कळतं. माहिती नसलेला एकच माणूस उरतो, तो म्हणजे स्वतः कारखानदार. टॅली दर महिन्याला जीएसटीच्या विवरणपत्रासाठी उघडली जाते, पण कोणत्या गिऱ्हाइकाच्या कामात पैसे सुटतात आणि कोणत्या कामात केवळ मशीन फिरतं हे तिला कुणी विचारत नाही.

शिवाय नोंद हे दुबळ्याचं हत्यार आहे, हे फारसं बोललं जात नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा 2006 चा. त्याच्या 15 व्या कलमाने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे आहेत. उशीर झाला तर 16 व्या कलमाने बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. माल पोचल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं कायदा धरून चालतो. आयकर कायद्यात 43बी कलमात भर घालून, या मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला मिळणार नाही असंही ठरलं. कागदावर यापेक्षा मजबूत संरक्षण मागणं कठीण. पण भांडायची वेळ येते तेव्हा पुरवठादाराकडे काय असतं? चलनाच्या प्रतीवर पोच घेतलेली असते पण तारीख नसते. पुढच्या महिन्यात आलेली डेबिट नोट असते, तिच्यात ‘क्वालिटी रिजेक्शन’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि तो माल कोणत्या हीटचा, बाहेर पडताना तपासणीत काय मोजमाप आलं, हे दाखवायला काही नसतं. मग मोठ्या कंपनीचा खरेदी अधिकारी सांगेल ते मान्य करावं लागतं. मोठं गिऱ्हाईक तोडणं परवडत नाही म्हणून कायद्याचा वापर कमी होतो हे खरंच आहे. पण कोर्टात न जाताही, नग क्रमांकासह तपासणीचा तक्ता समोर ठेवणारा पुरवठादार आणि हात जोडणारा पुरवठादार यांच्याशी एकच माणूस वेगळ्या सुरात बोलतो.

तिसरा आक्षेप असा की लहान असण्याचा फायदाच चपळपणात आहे. मोठ्या कंपनीत सहा सह्या लागतात तिथे इथे मालक उभ्या उभ्या हो म्हणतो. कागदपत्रं वाढली की हे जाईल. यात तथ्य आहे, आणि मोठ्या कंपनीची नक्कल करायला कुणी सांगू नये. आठ माणसांच्या वर्कशॉपला 38 पद्धतींची गरज नाही. मालक स्वतः लेथवर उभा असतो तोवर त्याचा डोळा हीच यंत्रणा, आणि ती चांगली चालते. पण माणसं पंचवीस-तीसच्या पुढे गेली, दुसरी पाळी सुरू झाली, की मालक झोपलेला असताना कारखाना चालू असतो. त्या रात्री चपळपणा उरत नाही. काही अडलं की काम सकाळपर्यंत थांबतं, नाहीतर कुणीतरी मनाने काही करतो आणि लपवतो. ज्या धंद्यात सगळे निर्णय एका माणसाकडे जातात तो धंदा त्या माणसाच्या वेगापेक्षा जलद जाऊ शकत नाही, मग तो माणूस कितीही हुशार असो.

माहिती डोक्यातून कागदावर आणण्याचं एक सुंदर उदाहरण मराठी उद्योगाच्या इतिहासात आहे. 1910 साली औंध संस्थानच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. 1920 साली तिथून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं नियतकालिक निघू लागलं, तेच पुढे शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली मराठी घरांत पोचलेलं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. साहित्याचे अभ्यासक त्याकडे मासिक म्हणून पाहतात. मला त्याची सुरुवात जास्त मोलाची वाटते. कारखान्याबाहेर, आपल्या मालाशी संबंध असलेल्या माणसांपर्यंत माहिती लिहून पोचवायची गरज एका खेड्यातल्या कारखान्याला शंभर वर्षांपूर्वी कळली होती, आणि त्यासाठी त्याने छापखान्याची वाट धरली.

तारापूरच्या प्रयोगाची गोष्ट 2013 ला संपत नाही. सुमारे नऊ वर्षांनी संशोधक त्याच कारखान्यांत परत गेले. रुजवलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या सुटल्या होत्या. तरीही ज्यांना मदत मिळाली होती ते कारखाने बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होते. आणखी दोन गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे एकाच कंपनीच्या एका युनिटातली पद्धत दुसऱ्या युनिटात बरीच पसरली होती. पण शेजारच्या कंपनीत ती फारशी गेली नव्हती, एकाच पट्ट्यात इतकी वर्षं राहूनही. आपल्या कारखानदार संघटनांनी याचा विचार करायला हवा. पाणी, वीज, रस्ता, मालमत्ता कर यांवर त्या जोरात भांडतात आणि ते आवश्यकच आहे. पण सभासदांनी आपापलं रिजेक्शन नावाशिवाय एका तक्त्यावर मांडावं, म्हणजे आपण रांगेत कुठे आहोत ते प्रत्येकाला कळेल, एवढं जरी झालं तरी ‘आमचा दर्जा बरा आहे’ या समजुतीला पहिल्यांदा धक्का बसेल.

दुसरी गोष्ट म्हणजे पद्धती का सुटल्या याची कारणं. सांगितलेल्या कारणांत दोन सगळ्यांत ठळक होती: मॅनेजर बदलला, आणि मालकाला वेळ मिळेना. म्हणजे वही लिहिली जात होती, पण ती अजूनही एका माणसाची होती. तो गेला, ती बंद पडली. सकाळची बैठक मालक गावाला गेला की होत नसेल, तर ती बैठक नव्हे, मालकाला दिलेली हजेरी आहे. मालक नसताना बैठक कुणी घ्यायची, रिजेक्शन किती टक्क्यांवर गेलं की सुपरवायझरने कुणालाही न विचारता ओतकाम थांबवायचं, किती रुपयांपर्यंतची खरेदी स्टोअरने स्वतः करायची, आणि तसं केल्याबद्दल त्याला कुणी बोलायचं नाही, हे एका कागदावर लिहून गेटच्या आत लावलं तर पुढचा मॅनेजर आल्यावरही ते तिथे असेल.

यंदा वहीपूजनाला कीर्द-खतावणीच्या शेजारी आणखी एक साधी शंभर पानी वही ठेवायला खर्च काहीच नाही. पहिल्या पानावर रकाने आखायचे: तारीख, पाळी, हीट नंबर, पॅटर्न, ओतलेले नग, बाद नग, दोषाचा प्रकार, वाळूचा ओलावा, रसाचं तापमान, आज केलेला बदल. आणि शेवटचा रकाना सहीचा, ज्याने तो बदल केला त्याच्या.